सगळ्यांचा फ्रीज आणि एकटीचा फडका

मित्रांनो, माझी घरघर ऐकून दचकू नका. वय झालं की माणसांचे गुडघे कुरकुरतात, तसा आम्हा फ्रीजांचा कॉम्प्रेसर कुरकुरतो. मी एका गल्लीच्या कोपऱ्यावर, शिवणकामाच्या दुकानाला लागून, पत्र्याच्या छपराखाली उभा आहे. मला कुणी एक मालक नाही आणि कुलूपही नाही. ज्याच्याकडे जास्तीचं अन्न आहे त्याने ते माझ्यात ठेवावं, ज्याला लागेल त्याने न्यावं, एवढंच माझं काम. ऐकायला किती सोपं वाटतं! मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

मी जन्मलो एका मोठ्या कारखान्यात. माझ्यासारखी भावंडं तिथे रांगेने उभी होती. कुणाची ओळख कुणाला पटू नये इतकी सारखी. मला एका दूधवाल्याने घेतलं आणि दुकानाच्या दर्शनी भागात मानाने उभं केलं. ते माझे तरुणपणाचे दिवस. पहाटे दूध यायचं, मागोमाग लोणी यायचं, आणि संध्याकाळपर्यंत मी रिकामा व्हायचो. "याच्याकडचं दूध दुसऱ्या दिवशीही ताजं लागतं," असं गिऱ्हाईक म्हणालं की दूधवाला मिशीतल्या मिशीत हसायचा आणि मी मनातल्या मनात आणखी थोडा गार व्हायचो.

पण कौतुक काही जन्मभर पुरत नाही. एके दिवशी दुकानात काचेच्या दाराचा, आत दिवा लागणारा नवा फ्रीज आला. मला मागच्या बोळात सरकवलं. माझ्या डोक्यावर रिकामी खोकी आली आणि पोटात सुतळीची बंडलं, गंजके खिळे, कुणाची तरी एकच चप्पल. ज्याने लोणी सांभाळलं त्याने आता चप्पल सांभाळायची! रागही येईनासा झाला. मी नुसता उभा राहिलो. धूळ बसत गेली, गंज चढत गेला.

तिथून मला ज्यांनी बाहेर काढलं, त्या मावशींची ही खरी गोष्ट आहे. माझी कमी आणि त्यांची जास्त.

मावशींचं दुकान दूधवाल्याच्या शेजारीच. अंगाने बारीक, बोलायला खणखणीत, केसांत कायम एखाद-दुसरा दोरा अडकलेला. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. त्यांचे यजमान बस चालवायचे, तेही कधी कधी चुकून "अहो मावशी" म्हणून हाक मारायचे आणि मग दिवसभर बोलणी खायचे. दुकानात काजं-बटणं करायला एक बाई होती. गल्लीने तिचं नाव पाडलं होतं बटणताई.

एका दुपारी ही बटणताई शर्टाला बटण लावता लावता मशीनवरच कलंडली. मावशींनी तोंडावर पाणी मारलं, तिला बसतं केलं.

"सकाळी काय खाल्लंस?" मावशींनी विचारलं.

"मुलांनी खाल्लं."

"मुलांचं नाही विचारलं मी. तू काय खाल्लंस?"

बटणताईने मान खाली घातली. "मला भूकच नव्हती हो."

मावशींनी आपला डबा तिच्यापुढे उघडला आणि स्वतः रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. गल्लीच्या टोकाला समारंभांचा एक हॉल आहे. नेमकं त्याच वेळी तिथला आचारी मागच्या दाराने भाताचं अख्खं पातेलं कचऱ्याच्या डब्यात उपडं करत होता. भातातून अजून वाफ निघत होती.

मावशी तरातरा तिथे गेल्या. "अहो, हे काय करता?"

"मग काय करू?" आचारी म्हणाला. "उरलं. उद्यापर्यंत ठेवायला जागा नाही, आणि वाटत कुठे फिरू? मला का बरं वाटतं टाकताना?"

त्या एका दुपारी मावशींच्या डोक्यात दोन कापडं एकमेकांना जोडली गेली. त्या थेट दूधवाल्याच्या बोळात आल्या, माझ्या पोटातली चप्पल बाहेर काढली आणि म्हणाल्या, "हा मला द्या."

"न्या की," दूधवाला म्हणाला. "तेवढीच माझी जागा मोकळी होईल."

असा मी रस्त्यावर आलो. माझी वायर मावशींच्या दुकानातल्या भिंतीत गेली. माझा गंज पाहून समोरचा रंगारी आपणहून पुढे आला. घरं रंगवायचं त्याचं काम. उंच, शिडशिडीत माणूस, कानामागे कायम पेन्सिल. त्याने मला घासलं, पांढरा रंग दिला आणि दारावर निळ्या अक्षरांत लिहिलं: 'ठेवा. घ्या. विचारू नका.' शेवटचे दोन शब्द मावशींचे होते. त्यांचं म्हणणं असं, की भुकेल्या माणसाला "का घेतोस" म्हणून विचारणं म्हणजे त्याच्या घासात खडा टाकणं. "आणि घेणाऱ्याने बदल्यात काही करायचंही नाही," त्या म्हणाल्या. "इथे पोटाला भाडं नाही."

रंगाऱ्याने मजुरी घेतली नाही. ब्रश पुसत तो म्हणाला, "मावशी, माझ्याकडून एवढंच." आणि मान ताठ करून शिडी खांद्यावर टाकून गेला.

मित्रांनो, सुरुवातीची ती वर्षं मला अजून आठवतात. हॉलमधून भात यायचा, पाववाल्याकडून कालचे पाव यायचे, कुणाच्या घरी पाहुणे आले नाहीत म्हणून उरलेली भाजी यायची. फळवाला डाग पडलेली केळी आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "डाग सालाला आहे, केळ्याला नाही." न्यायला येणारे आधी चोरपावलांनी यायचे, मग जरा सावकाश, मग शेजाऱ्याशी दोन शब्द बोलत. बटणताई जाताना डबा भरून न्यायची. गल्लीतल्या मोठ्या माणसांनी एक समिती केली, माझ्यासमोर फोटो काढले, कुणीतरी भाषणही केलं. फोटो काढताना मावशी दुकानात होत्या. एका शर्टाची कॉलर उलटी बसली होती ती उसवत होत्या.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी भाषणात कुणी सांगितली नाही. असा फ्रीज रोज साफ करावा लागतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी मावशी कोमट पाण्याची बादली घेऊन यायच्या. कप्पे काढून घासायच्या. प्रत्येक डबा उघडून नाकाशी न्यायच्या. आंबलेलं बाजूला, चांगलं पुढे. सांडलेलं दूध फळीच्या खाचेत सुकून बसलं की नखाने खरवडायच्या. लोक काय काय ठेवायचे! अर्धा चावलेला केक. कुणाची डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली. एकदा एका वाडग्यावर चिठ्ठी होती: 'चव बिघडली आहे, पण टाकवत नाही.' मावशींनी एक घास खाऊन पाहिला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "यांना टाकवत नाही, आणि मी काय केलंय यांचं?"

ठेवायला सगळे होते, न्यायला सगळे होते. पुसायला मात्र एकट्या मावशी.

बस चालवून दमून आलेले काका म्हणायचे, "तू माझी बायको आहेस की त्या फ्रीजची?"

"फ्रीज निदान चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरत नाही," मावशी म्हणायच्या. पण म्हणता म्हणता अंगठ्याचं मूळ दाबत राहायच्या. दिवसभर कात्री, वर रोजचा फडका. हात दुखणारच. समितीतलं कुणी भेटलं की विचारायचं, "काही मदत लागली तर सांगा हं मावशी!" आणि मावशींनी तोंड उघडेपर्यंत ते कोपरा ओलांडून गेलेले असायचे. हळूहळू मावशींनी तोंड उघडणंच सोडलं.

मग एका पावसाळी सकाळी रंगारी पडला. ओल्या भिंतीवरून शिडी घसरली आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय तिरपाच राहिला. शिडीवर चढणं संपलं, म्हणजे कामच संपलं. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. आई तोंडाची फटकळ, पण दात एकही नाही.

रंगारी पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा भर दुपार होती. ज्या दारावर त्याने अक्षरं काढली होती, त्या दाराला हात लावून तो बराच वेळ उभा राहिला. मग आईसाठी थोडं दूध आणि दोन पाव उचलले. दुकानातून मावशींनी पाहिलं, आणि चटकन तोंड फिरवून मशीन जोरात चालवलं. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

दोन-चार वेळा असंच झालं. एके सकाळी मावशी मला पुसत असताना तो काठी टेकत आला.

"मावशी, द्या तो फडका इकडे. मी करतो."

"छे छे!" मावशींनी फडका पाठीमागे लपवला. "तुम्ही बसा बघू. तुमच्याकडून कामं करून घ्यायला मांडलंय का मी हे?"

"तसं नाही हो. मला वेळच वेळ आहे."

"वेळ आहे तर पाय शेकत बसा. आणि ती भाजी न्या, आईंना चावायला मऊ आहे."

पुढे एकदा त्याने झाडू उचलला, तर मावशींनी तोही हातातून काढून घेतला. किती मायेने काढून घेतला होता! रंगारी हसला. ते हसू मला काही बरं वाटलं नाही. पण मी फ्रीज. मला गार करता येतं, बोलता येत नाही.

त्यानंतर रंगारी यायचा थांबला.

"कुठे बसून करायचं काम मिळालं असेल," मावशी बटणताईला म्हणाल्या. "बरं झालं बाई. माणूस मार्गी लागला."

अशातच काकांना बस चालवताना छातीत कळ आली. त्यांनी बस नीट बाजूला घेतली, प्रवासी उतरवले आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ऑपरेशन करावं लागलं. मावशींनी दुकान बंद केलं आणि त्या दवाखान्यात राहायला गेल्या. जाताना समितीच्या लोकांना एवढंच म्हणाल्या, "याच्याकडे बघाल ना?"

"अहो, हे काय सांगणं झालं? तुम्ही बिनघोर जा," सगळे म्हणाले.

सगळे म्हणाले, म्हणून कुणीच आलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघतोय. बटणताई? दुकान बंद झाल्यावर तिने गल्लीपासून लांब धुण्याभांड्याची कामं धरली होती. तिला इथे काय चाललंय याचा पत्ताच नव्हता.

मित्रांनो, मी तोवर कधी कुणाला लाज आणली नव्हती. पण त्या दिवसांत माझं मलाच सहन होईना. आमटीचं भांडं कलंडलं ते कुणी पुसलं नाही. पाणी जायची नळी तुंबली आणि खालच्या कप्प्यात डबकं साचलं. पाव हिरवे झाले. मुंग्यांनी दाराच्या रबरात घर केलं. जुन्या डब्यांवरच लोक नवे डबे ठेवत राहिले. एका मुलाचं पोट बिघडलं. माझ्यामुळे की बाहेर काही खाल्ल्यामुळे, कुणाला माहीत! पण बोट माझ्याकडेच वळलं. शेजारचे औषधवाले नाकाला रुमाल लावून समितीला म्हणाले, "माझ्या दुकानात औषधं घ्यायला माणसं येतात, आजारी पडायला नव्हे. हे धूड हलवा."

त्यांचंही काही चुकलं नव्हतं. समितीने भंगारवाल्याला निरोप धाडला. कुणीतरी माझी वायर काढली. माझा आवाज थांबला. इतक्या वर्षांनी थांबलो, आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. दमलो होतो मी.

काकांना घरी सोडलं त्याच दुपारी मावशी दुकानाकडे आल्या. गाल बसले होते, केसांत एकही दोरा नव्हता. त्यांनी माझं दार ओढलं. आतला वास बाहेर आला तशा दोन पावलं मागे सरल्या. मला वाटलं, आता रडतील किंवा समितीच्या नावाने शंख करतील. पण त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जाऊ दे भंगारात. मला नाही होत आता."

एवढं थकलेलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. रंगारी येत होता आणि त्याच्या पुढे, त्याला मागे टाकून, त्याची आई.

म्हातारी मावशींच्या समोर येऊन उभी राहिली. "तुझा नवरा बरा आहे ना गं?"

"हो, आई."

"मग आता तुला बोलते. तुझ्यापायी माझं पोरगं अर्धपोटी राहिलं."

"आई, गप बस!" रंगारी ओरडला.

"का गप बसू? दात नाहीत, जीभ आहे मला." म्हातारी मावशींकडे वळली. "इथलं दूध मला पाजायचा आणि स्वतः पाणी पिऊन झोपायचा. मग तर इकडे फिरकायचाच बंद झाला. म्हणतो, पाय दुखतो. पाय नाही दुखत त्याचा!"

मावशी गोंधळल्या. "पण मी कधी नाही म्हटलं का यांना? कधी एका शब्दाने विचारलं का? उलट यांचा मान राखायला मी तोंड फिरवून बसायची."

रंगारी काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. बोलावं की नाही, असं त्याला झालेलं दिसत होतं. मग तो म्हणाला, "मान राखलात हो मावशी, खूप राखलात. पण तो पाहुण्याचा मान होता. रोज पाहुणा होऊन जेवायचं म्हटलं तर घास उतरत नाही."

मावशींची नजर त्याच्या हातांकडे गेली.

"पाय गेला तेव्हा शिडी गेली," तो म्हणाला. "हात आहेत ना अजून? तुम्ही माझ्या हातातून झाडू काढून घेतलात, तेव्हा वाटलं, आता हेही गेले."

गल्लीत कुणाच्या तरी नळाचं पाणी वाजत होतं. मावशींनी आपला दुखरा अंगठा चोळला. मग उठल्या, दुकानाचं कुलूप काढलं, आतून बादली आणली आणि मोठा जाड फडका. दोन्ही गोष्टी रंगाऱ्यापुढे ठेवल्या.

"खालची नळी तुंबलीय," त्या म्हणाल्या. "मला वाकवत नाही."

"तुम्ही बसा," रंगारी म्हणाला. आणि मावशी खरंच बसल्या. मी त्यांना माझ्यासमोर नुसतं बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

त्याने काठी भिंतीला लावली, खाली बसकण मारली आणि माझं सगळं आतडं बाहेर काढलं. तारेने नळी मोकळी केली. मुंग्या झटकल्या. म्हातारी शेजारी उभी राहून सूचना देत होती, "तिकडे राहिलं, कोपऱ्यात राहिलं," आणि तो "हो आई, हो आई" करत होता. भंगारवाला हातगाडी घेऊन आला तेव्हा मी दार उघडं टाकून उन्हात वाळत होतो.

"काय, नेऊ का?" त्याने विचारलं.

"याला?" म्हातारी म्हणाली. "आधी माझ्या पोराला विचार. त्याच्या ताब्यात आहे तो."

औषधवाले लगेच मानले नाहीत. त्यांनी आत वाकून पाहिलं, फळीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "रोज असाच राहणार असेल तर माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "एक दिवस जरी चुकला तरी मीच हातगाडी बोलावीन." रंगारी म्हणाला, "बोलवा." माझी वायर पुन्हा भिंतीत गेली. एक झटका बसला, आणि मी पुन्हा कुरकुरायला लागलो.

आता सकाळी रंगारी येतो. बटणताई दुकानात परत आली आहे. संध्याकाळचं डबे बघणं तिने आपणहून घेतलं. न्यायला येणाऱ्यांना मावशींनी एकदा सरळ सांगून टाकलं, "ज्याला वाटेल त्याने हात लावा, ज्याला नाही वाटत त्याने नुसतं न्या. दोन्हीला माझी ना नाही." काही जण नुसते नेतात. त्यांच्या घरी आजारी माणसं असतील, किंवा तेच दमलेले असतील. त्यांना कुणी काही म्हणत नाही. काही जण कपडा मागून घेतात. एक आजोबा फक्त माझं हँडल पुसतात, दुसरं काही नाही. पण काय चकचकीत पुसतात!

सगळं छान झालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. कधी मी रिकामा असतो, आणि रिकामं दार उघडून बंद करणाऱ्या माणसाचा चेहरा मला पाहवत नाही. कधी खाडा होतो आणि औषधवाले दारात येऊन खाकरतात. काकांना अजून बस चालवायची परवानगी नाही; मावशी दुकान, घर, पथ्याचं जेवण यांत पिचून जातात. परवा दुपारी त्या दुकानातून बाहेर आल्या, माझ्यापुढे थोडा वेळ थांबल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी माझ्यातून काहीतरी उचललं: हॉलच्या आचाऱ्याने ठेवलेला भात. पायरीवर बसून तो सगळा खाल्ला. रंगारी पलीकडे नळी पुसत होता. त्याने तोंड फिरवलं नाही. "मीठ बरोबर आहे का?" एवढंच विचारलं.

"जरा कमी आहे," मावशी म्हणाल्या, आणि ताट धुवायला उठल्या. तेही रंगाऱ्याने त्यांना धुऊ दिलं.

मित्रांनो, माझे फार दिवस राहिलेले नाहीत. मिस्त्री म्हणतो, गॅस भरून काही महिने ढकलता येतील. माझ्या जागी दुसरा येईल, कदाचित काचेच्या दाराचा, आत दिवा लागणारा. मला त्याचा राग नाही. फक्त तुम्हाला एक विनवणी. तुमच्या शाळेत, गल्लीत, घरात जे सगळ्यांचं म्हणून असतं, ते रोज कोण पुसतं, एवढं एकदा बघा. त्या माणसाला "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. सरळ जाऊन त्याच्या हातातलं थोडं काम घ्या. आणि जो तुमच्याकडून रोज घेतो, तो कधी काही करायला पुढे आला, तर मायेने का होईना, त्याचा हात मागे सारू नका.

बोलता बोलता उशीर झाला. आता दार लावा बरं, मित्रांनो. गारवा बाहेर चाललाय, आणि आत कुणाचंतरी दूध आहे.